धुलाईच्या धंद्याची गाडी : आधी पाण्याचे वजन करा, मग गाडी घ्या

कारखान्यांना यंत्रे पुसण्यासाठी सुती फडकी आणि होजिअरीच्या चिंध्या लागतात. आम्ही त्या किलोवर देतो. पूर्वी हा माल कारखान्याचा स्टोअरवाला नेत असे. आता तो नेण्यास आपलीच तरुण मुले येतात. कोणी चाकणच्या कारखान्यांत शेड धुण्याचे काम घेतो, कोणी मोशी-चिखलीच्या सोसायट्यांत मोटारी धुतो, कोणी पाण्याच्या टाक्या साफ करतो. दुकान नाही, पागडी नाही. एक गाडी, एक मशीन आणि दोन माणसांची मेहनत यांवर हा धंदा उभा राहतो. पाकीचे महत्त्व आपल्या समाजास कोणी वेगळे शिकवावे लागत नाही, तेव्हा या कामाची लाज बाळगण्याचेही कारण नाही. रोजी हलाल आहे आणि काम भरपूर आहे.

परंतु यातील बरीच मुले गाडी घेतानाच चुकतात. आमच्या ओळखीच्या एका तरुणाने कर्ज काढून छोटा चारचाकी टेम्पो घेतला आणि त्यावर १,००० लिटरची गोल टाकी वेल्डिंग करून बसवली. सल्ला विचारण्यास तो आमच्याकडे आला होता. "टाकी मोठी घे, म्हणजे पाण्यासाठी फेऱ्या माराव्या लागणार नाहीत," असे आम्हीच त्यास सांगितले. काही महिन्यांत गाडीचे कमानपाटे बसले, मागचे टायर घासले, आणि वेल्डिंगमुळे पासिंगला अडचण आली. काम आठवड्यातून एकच दिवस मिळत होते, हप्ता मात्र दरमहा येत होता. शेवटी कर्ज देणाऱ्यांनी गाडी ओढून नेली. मुलगा मेहनती होता, गाडीही वाईट नव्हती. हिशेबाचा क्रम उलटा झाला होता, आणि त्या चुकीत आमचाही वाटा होता. म्हणून त्यानंतर जे पाहिले, विचारले आणि समजून घेतले ते येथे मांडत आहोत.

प्रथम काम ठरवा

चाकणच्या पट्ट्यात बजाज ऑटोचा कारखाना १९९९ मध्ये आला. २००९ मध्ये फोक्सवॅगन व मर्सिडीज-बेंझ आणि २०१० मध्ये महिंद्राचा कारखाना सुरू झाला. त्यांच्यामागे सुटे भाग बनवणारे लहानमोठे कारखाने नाणेकरवाडी, खराबवाडी, महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खालुंब्रे या गावांच्या शिवारात उभे राहिले. सफाईचे काम येथे चार तऱ्हेचे मिळते, आणि प्रत्येकाची गाडी वेगळी आहे.

पहिले काम सोसायट्यांतील मोटारी, सोफे, गाद्या आणि घरांच्या सफाईचे. यास पाणी थोडे लागते आणि वीज गिऱ्हाइकाच्या घरातच मिळते. दुसरे काम पाण्याच्या टाक्यांचे. येथे पाणी नेण्याची गरजच नसते. उलट टाकीच्या तळाचा गाळ बाहेर काढणारा पंप न्यावा लागतो. तिसरे काम ट्रक, बस आणि कंपन्यांच्या गाड्या उभ्या जागी धुण्याचे. पाण्याची खरी टाकी येथे लागते. चौथे काम कारखान्यांचे : शेडची फरशी, पत्रे, खिडक्या, आणि अलीकडे छपरावरील सौर पॅनेल. येथे पाणी व वीज बहुधा कंपनीची मिळते, पण मशीन, शिडी, पाइप आणि माणसे न्यावी लागतात.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या औद्योगिक पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. मशीन बंद असताना शेड धुणे सोपे, म्हणून कारखान्याचे मोठे काम गुरुवारीच निघते. महिन्यात गुरुवार चार किंवा पाच. उरलेले दिवस गाडीने काय करायचे, हे गाडी घेण्याआधी ठरले पाहिजे. केवळ गुरुवारच्या कामाच्या भरवशावर मोठी गाडी घेणारा बाकीचे दिवस हप्त्याची चाकरी करतो.

पाण्याचा हिशेब

एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. हे शाळेत सर्वांनी वाचलेले असते, पण गाडीवर टाकी चढवताना कोणास आठवत नाही.

गाडीच्या नोंदणीपत्रावर दोन आकडे असतात : रिकाम्या गाडीचे वजन आणि भरलेल्या गाडीचे कमाल वजन. दोहोंतील फरक तेवढाच भार गाडीने कायद्याने आणि तब्येतीने उचलावा. त्यात पाणी, टाकी, सांगाडा, मशीन, साबण हे सर्व येते, आणि बसणाऱ्या माणसांचे वजनही याच हिशेबात धरावे.

समजा, गाडी ७५० किलो भार घेणारी आहे. तिच्यावर ५०० लिटरची टाकी ठेवली. पाणी ५०० किलो, रिकामी टाकी २०, लोखंडी सांगाडा ५०, प्रेशर मशीन ४०, जनरेटर ५०, पाइप व शिडी २०, साबण व केमिकलचे डबे ४०, आणि दोन माणसे १३० किलो. बेरीज ८५० किलो झाली, म्हणजे १०० किलो जास्त. याच हिशेबात पाणी ३०० लिटर धरले तर बेरीज ६५० येते आणि १०० किलोची सवड राहते. १,००० लिटरची टाकी भरली की साबणाची वडी ठेवण्याआधीच गाडी हरली. आम्ही दिलेला सल्ला किती चुकीचा होता हे या बेरजेवरून कळते.

मग ३०० लिटरमध्ये काम भागते का? लहान प्रेशर मशीन मिनिटाला साधारण ६ ते ८ लिटर पाणी टाकते. मिनिटाला ८ लिटरप्रमाणे ३०० लिटर म्हणजे सुमारे ३७ मिनिटे सलग फवारा. मोटार धुताना फवारा एकूण पाच-सहा मिनिटेच चालतो. बाकीचा वेळ साबण चोळण्यात व पुसण्यात जातो. म्हणजे एका मोटारीस ४० ते ५० लिटर, आणि एका भरण्यात सहा मोटारी. ट्रकचे तसे नाही. मोठे मशीन मिनिटाला १२ लिटर टाकत असेल आणि चिखलाने भरलेला ट्रक २० मिनिटे घेत असेल, तर एका ट्रकास २४० लिटर गेले. ट्रक धुण्याचे काम नेमाने घ्यायचे असेल तर जागेवर पाणी कोण देणार हे गिऱ्हाइकाशी आधी ठरवावे, किंवा मोठी गाडी घ्यावी. तिसरा मार्ग नाही.

पाणी कोठून भरणार हाही प्रश्न आहे. उन्हाळ्यात टँकरचे पाणी परवडत नाही. बोअरचे पाणी अनेक ठिकाणी जड असते. मोटारीवर ते वाळले की पांढरे डाग पडतात, आणि सौर पॅनेलवरही थर बसतो. अशा ठिकाणी शेवटचा हात मऊ पाण्याचा द्यावा आणि लगेच सुक्या सुती फडक्याने टिपून घ्यावे. पाण्याची उधळण नदीकाठीही करू नये, ही आपल्याला वुजूपासूनची शिकवण आहे. धंद्यात तिचा रोकड फायदाही होतो : जो कमी पाण्यात काम करतो तो लहान गाडीत काम करतो.

कोणत्या कामास कोणती गाडी

या पट्ट्यात माल वाहणाऱ्या गाडीस सरसकट टेम्पो म्हणतात. हे नाव आकुर्डीच्या बजाज टेम्पो कंपनीकडून आले. २००५ मध्ये कंपनीचे नाव फोर्स मोटर्स झाले, पण लोकांच्या तोंडी टेम्पो तो टेम्पोच राहिला. त्याच वर्षी टाटांनी 'एस' ही छोटी चारचाकी आणली. लोक तिला छोटा हत्ती म्हणू लागले, आणि तीनचाकीवाल्या अनेक कारागिरांस पहिल्यांदा चार चाके परवडली.

दुचाकी : सोफा, गाद्या आणि मोटारींच्या कामास प्रारंभी हीच पुरते. ओले-कोरडे ओढणारा लहान व्हॅक्यूम, छोटे प्रेशर मशीन, फडकी व साबण मागच्या पेटीत बसतात. पाणी व वीज गिऱ्हाइकाची. दुचाकीला घरी बनवलेला गाडा जोडण्याचा मोह टाळावा. तो कायद्यात बसत नाही आणि महामार्गावर जीव घेतो.

तीनचाकी : बारामतीत बनणारी पियाजिओची आपे किंवा बजाजची मालवाहू रिक्षा गल्लीत सहज वळते आणि खर्चही कमी येतो. परंतु तीन चाकांवर हलणारे पाणी ही धोक्याची जोडी आहे. वळणावर पाणी एका बाजूस धावते आणि गाडीचा तोल घेते. पुणे-नाशिक महामार्गावर कंटेनरच्या गर्दीत हे करून पाहू नये. तीनचाकी घ्यायचीच तर पाणी १०० ते १५० लिटरपेक्षा जास्त ठेवू नये, आणि काम गावातले घ्यावे.

छोटी चारचाकी : बहुतेकांसाठी हीच योग्य. ७५० किलोच्या आसपास भार घेते, अरुंद सोसायटीत शिरते आणि महामार्गावरही चालते. टाटांची एस प्रो जून २०२५ मध्ये आली तेव्हा तिची किंमत ३ लाख ९९ हजारांपासून होती. पेट्रोल, पेट्रोल-सीएनजी आणि विजेवरची असे तिचे तीन प्रकार आहेत. मारुतीची ईको कार्गो ही बंद गाडी आहे. ती भार कमी घेते, पण मशीन व सामान कुलुपात राहते. सोफा, खिडक्या आणि ऑफिस सफाई करणाऱ्यास ती बरी. पाण्याची टाकी मात्र तिच्यात ठेवू नये, आणि बंद गाडीत जनरेटर कधीही चालवू नये. त्याच्या धुरातील विषारी वायूस वास नसतो, माणूस बसल्या जागी बेशुद्ध होतो.

पिकअप : महिंद्राची बोलेरो पिकअप मॉडेलप्रमाणे १,३०० ते १,७०० किलो भार घेते. ट्रक-बस धुण्याचे नेमाचे काम असेल, किंवा आठवड्याचे सहा दिवस कारखान्यांचे काम लेखी हातात असेल, तरच ही घ्यावी. चाकणच्या कांदा बाजारामुळे या भागात जुन्या पिकअप विकावयास येतात. अशी गाडी पाहताना रंगावर जाऊ नये. खाली वाकून चासीला तडा किंवा वेल्डिंग आहे का, कमानपाटे सरळ झाले आहेत का, हौद्याचा पत्रा गंजला आहे का हे पाहावे. मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली की महाराष्ट्रात पर्यावरण कर लागतो आणि पासिंग दरवर्षी करावे लागते. स्वस्त गाडीच्या हिशेबात हा खर्च धरावा.

इंधनाचे थोडक्यात. सीएनजी स्वस्त पडते, पण तिची टाकी भार व जागा खाते आणि पंपावर रांग असते. विजेवरची गाडी रोजची फेरी ठरलेली असेल तर फायद्याची. रात्री ती चार्ज कोठे करणार याचे उत्तर असेल तरच घ्यावी.

सांगाडा असा बांधावा की उतरवता येईल

आमच्या मते या लेखातील सर्वांत जास्त पैसे वाचवणारी गोष्ट ही आहे. टाकी आणि मशीन गाडीच्या अंगाला वेल्डिंग करू नये. चौकोनी लोखंडी नळ्यांचा एक स्वतंत्र सांगाडा बनवावा, त्यावर टाकी व मशीन बसवावे, आणि तो सांगाडा हौद्यात नटबोल्टने पक्का करावा. दोन माणसांनी पाने घेऊन उतरवला की गाडी पुन्हा मालवाहू झाली.

याचे फायदे तीन. गुरुवारी धुलाई, बाकीच्या दिवशी मालाचे भाडे, असे एकाच गाडीत साधते. गाडी विकताना किंवा बदलताना सांगाडा आपल्याकडे राहतो. आणि पासिंगला अडचण कमी येते, कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातील तपशील बदलेल असा फेरफार गाडीत करता येत नाही. काम सुरू करण्यापूर्वी आपल्या एमएच-१४ च्या परिवहन कार्यालयात नकाशा दाखवून विचारून घ्यावे. विचारण्यास पैसे लागत नाहीत.

सांगाडा बांधताना या गोष्टी पाहाव्यात :

१) एक मोठी टाकी घेण्याऐवजी १५० लिटरच्या दोन घ्याव्यात. अर्धी भरलेली मोठी टाकी सर्वांत धोक्याची, कारण ब्रेक मारताच पाणी पुढे आदळते. दोन टाक्या असल्या की एक पूर्ण रिकामी करून मग दुसरी वापरता येते.

२) गच्चीवरची उंच गोल टाकी घेऊ नये. ती स्थिर जागेसाठी बनलेली असते. बसकी, आडवी टाकी घ्यावी. वजन जितके खाली तितकी गाडी स्थिर.

३) टाक्या मागच्या चाकांच्या किंचित पुढे ठेवाव्यात. अगदी मागे ठेवल्या तर पुढची चाके हलकी होतात आणि स्टेअरिंग सुटल्यासारखे वाटते.

४) दोरीने बांधू नये. लोखंडी पट्टे घ्यावेत आणि खाली रबर घालावे.

५) साबण व केमिकलसाठी कप्पे वेगळे करावेत. संडास धुण्याचे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एका कप्प्यात कधी ठेवू नये. दोन्ही मिसळले की क्लोरीनचा विषारी वायू निघतो.

६) फडकी कामाप्रमाणे वेगळ्या रंगाची ठेवावीत. संडासाचे फडके सोफ्यास लागले तर गिऱ्हाईक गेले. मोटारींच्या कारखान्यात रंगकामाच्या विभागाजवळ काम असेल तर सिलिकॉन असलेले पॉलिश गाडीतसुद्धा ठेवू नये. त्याचा अंश पत्र्यास लागला तर ताज्या रंगात खड्डे पडतात आणि कंत्राट जाते.

वीज की इंजिन

तीन अश्वशक्तीची मोटार चालताना सव्वादोन किलोवॉटच्या आसपास वीज घेते, पण सुरू होताना कितीतरी पट जास्त ओढते. म्हणून तिच्यासाठी सुमारे ५ केव्हीएचा जनरेटर लागतो. तो महाग आणि वजनदार. वरच्या हिशेबात आम्ही ५० किलोचा लहान जनरेटर धरला आहे. तो लहान मशीन व व्हॅक्यूमपुरताच पुरतो. उघड्यावरचे ट्रक धुण्याचे काम असेल तर पेट्रोल इंजिनवर थेट चालणारे प्रेशर मशीन घ्यावे, जनरेटरच नको. कारखान्यात व सोसायटीत विजेचे मशीन, जाड वायर आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच पुरे. ओल्या जमिनीवर काम आहे, तेव्हा या स्विचवर काटकसर करू नये.

घाण पाणी आणि माणसाचा जीव

धुतलेले पाणी कोठे जाणार? सोसायटीतील साबणाचे पाणी ड्रेनेजमध्ये जाते. परंतु कारखान्याचे तेलकट पाणी पावसाच्या गटारात सोडले तर ते ओढ्याने इंद्रायणी-भामेत जाते. प्रदूषण नियंत्रण मंडळाचा बडगा आला तर कंपनी प्रथम ठेकेदाराकडे बोट दाखवते. कंपनीच्या सांडपाणी यंत्रणेतच पाणी सोडण्याची जागा लेखी मागून घ्यावी. तेलात भिजलेली फडकीही साधा कचरा नाही. २०१६ च्या घातक कचरा नियमांत दूषित सुती चिंध्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. त्या आपल्या गाडीत घालून आणू नयेत, कंपनीच्या ताब्यातच द्याव्यात. आमचा माल विकण्याच्या लोभाने आम्ही हे लपवणार नाही.

संडासाच्या मैल्याची टाकी साफ करण्याचे काम लहान गाडीवाल्याने घेऊ नये. पैसे चांगले मिळतात म्हणून माणूस आत उतरवतात, आणि आतील वायूने एकामागून एक जीव जातात. २०१३ च्या कायद्याने संरक्षण साधनांशिवाय अशी सफाई करवून घेणे गुन्हा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली. त्या कामाची ओढून घेणारी यंत्रे आणि गाड्या वेगळ्या असतात. पिण्याच्या पाण्याच्या टाकीतही उतरण्यापूर्वी झाकण उघडून हवा खेळू द्यावी, आणि एक माणूस नेहमी बाहेर उभा ठेवावा.

कागद पुरे ठेवा

धंद्याची गाडी मालवाहू म्हणून नोंदवावी. खासगी नोंदणीवर धंदा करणे म्हणजे अपघाताच्या दिवशी विमा गमावणे. विम्याबाबत आपल्यात मतभेद असतील, पण तिसऱ्या पक्षाचा विमा कायद्याने सक्तीचा आहे. भरलेले वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीस परमिट लागत नाही. छोट्या चारचाकीस हा मोठा दिलासा आहे. काही मोठ्या पिकअप ही मर्यादा ओलांडतात. साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला आहे. अतिभारास मात्र कायद्यात २० हजार रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनास २ हजार अशी तरतूद आहे.

सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते. सप्टेंबर २०२५ मध्ये मालवाहू गाड्या व तीनचाकी यांवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. नियमित नोंदणी असलेल्यास मालवाहू गाडीवर भरलेला कर वजा मिळू शकतो, प्रवासी गाडीवर सहसा मिळत नाही. म्हणजे तीच रक्कम देऊन कोणती गाडी घेतली यावर हजारोंचा फरक पडतो.

उद्यम नोंदणी मोफत होते. ती जरूर करावी. चाकणच्या कंपन्यांची बिले उशिरा निघतात, ही सर्वांची तक्रार आहे. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे द्यावेत, असा कायदा आहे. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून मुदत उलटून पैसे थकवणाऱ्यास तो खर्च पैसे देईपर्यंत आयकरात वजा मिळत नाही. बिलावर उद्यम क्रमांक छापला की हिशेबनीस लवकर सही करतो.

पैसा कोठून आणावा

उदाहरणासाठी महिन्याचा हिशेब धरू. गाडीची झीज किंवा हप्ता ८ हजार, विमा-पासिंग-दुरुस्ती ४ हजार, मदतनिसाचा पगार १४ हजार. हे २६ हजार गाडी उभी असली तरी लागतात. इंधन, साबण व फडकी मिळून कामाच्या दिवसास ५०० रुपये. महिन्यात २४ दिवस काम मिळाले तर दिवसाचा खर्च १,५८३ रुपये पडतो. आठच दिवस मिळाले तर तोच खर्च ३,७५० रुपये होतो. आपली मजुरी अजून यात धरलेलीच नाही. ज्या मुलाची गाडी गेली, त्याचा प्रश्न हाच होता. आकडे ज्याचे त्याने आपले घालावेत, रीत हीच.

म्हणून आमचा सल्ला असा : पहिले तीन महिने गाडी घेऊच नये. मशीन व सांगाडा स्वतःचा करावा आणि गाडी लागेल त्या दिवशी भाड्याने घ्यावी. तीन महिन्यांची वही पाहून गाडीचा आकार ठरवावा. वहीत पाणी किती गेले, कोणत्या वारी काम मिळाले आणि पैसे किती दिवसांनी आले हे तीन रकाने असावेत.

गाडी घेण्याची वेळ आली की व्याजाच्या वाटेस जाण्याआधी आपल्याकडील वाटा पाहाव्यात. बिनव्याजी कर्ज देणाऱ्या पतसंस्था काही शहरांत आहेत. मुजारबतची रीतही आहे : एकाने गाडी व मशीनसाठी भांडवल घालायचे, दुसऱ्याने मेहनत, आणि नफा ठरलेल्या हिश्शाने वाटायचा. हिस्सा नफ्याचा ठरवावा, दरमहा ठरावीक रक्कम नव्हे. भांडवलाचे नुकसान मेहनत करणाऱ्याच्या हलगर्जीने झाले नसेल तर ते भांडवलवाल्याने सोसावे. हे सर्व दोन साक्षीदारांसमोर कागदावर लिहावे, भाऊ-भाऊ असले तरी लिहावे. ज्या व्यापाऱ्यांचे टेम्पो दुपारनंतर दारात उभे असतात त्यांनी ते अशा होतकरू मुलास वाजवी भाड्याने द्यावेत. भाडेही मिळेल आणि एक घरही उभे राहील.

तो मुलगा पुन्हा आमच्याकडे आला तेव्हा आम्ही त्याची माफी मागितली आणि आमचा टेम्पो गुरुवारचा त्यास भाड्याने दिला. तो आता दोन लहान टाक्या आणि उतरवता येणारा सांगाडा घेऊन येतो. टाक्या तो भरून नेत नाही, निम्मे पाणी कंपनीचे घेतो. वही मात्र रोज भरतो. तीन महिने पुरे झाले की कोणती गाडी घ्यायची ते त्याची वहीच सांगेल. या वेळी आम्ही त्यास टाकीविषयी काही सांगितले नाही, फक्त वही मागून पाहतो. अल्लाह त्याच्या व आपणा सर्वांच्या रोजीत बरकत देवो. आमीन.